इंदूआत्या मागे बसते

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस साधारण काय करतो? बॉनेट उघडून इंजिनाकडे जाणत्या चेहऱ्याने बघतो, टायरला एक लाथ मारतो आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसतो. माझी इंदूआत्या यातलं काहीच करत नाही. ती थेट मागचं दार उघडते, मागच्या सीटवर मधोमध मांडी घालून बसते, दार ओढून घेते आणि बाहेर उभ्या असलेल्या मालकाला काचेतूनच हाताने गप्प राहायला सांगते.

मग ती डोळे मिटते. आत एसी बंद, काचा बंद, बाहेर बुलढाणा जिल्ह्याचं ऊन. मालक माझ्याकडे बघतो, मी मालकाकडे बघतो. तो मनात मला शिव्या देत असतो, मी मनात आत्याला. शेवटी दार उघडतं, घामाने निथळलेली आत्या बाहेर येते आणि पदराने तोंड पुसत पहिला प्रश्न टाकते, "काऊन इकून राह्यले?" म्हणजे, का विकताय?

मागेच का बसायचं, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती खेकसली, "समोरून तं समदेच पायतात. इकनाऱ्यानं बी समोरच पुसलेलं असते. मांगं कोनी बसत नाई, म्हून खोटेपना मांगंच रायते."

इंदूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. राहते धाड या गावी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शेती स्वतः बघते, म्हणजे बांधावर उभी राहून ओरडते. सोयाबीन, कपाशी, गडीमाणसं आणि पाऊस या सगळ्यांवर ती एकाच आवाजात रागावते. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो फोन करतो तेव्हा 'जेवला का' हा प्रश्न ती 'चोरी केली का' या सुरात विचारते. साहजिकच तो फोन लवकर ठेवतो.

ही तपासणीची विद्या तिला बैलबाजारात मिळाली. आजोबा बैल घ्यायला जाताना तिला बरोबर न्यायचे. बाकीची मंडळी बैलाचं तोंड उघडून दात बघत बसायची आणि आजोबा लहानग्या इंदूला सांगायचे, तू मागून चाल आणि त्याचे पाय बघ. शिवाय सौदा करण्याआधी विकणाऱ्याच्या घरी जाऊन पाणी मागायचं, हा त्यांचा नेम होता. गोठा कसा आहे, घरातली बाई बैलाबद्दल काय बोलते, हे पाणी पिता पिता कळतं म्हणे. आता बैलबाजारात बैल कमी आणि आमच्या घरात एकही नाही. पण विद्या वाया कशी जाऊ द्यायची? ती गाड्यांवर चालवायला सुरुवात झाली. आमच्या घराण्यात इंदूआत्याला दाखवल्याशिवाय कुणी जुनी गाडी घेत नाही. वडील या बाबतीत ऐकूनच घेत नाहीत.

आणि मला नेमकी जुनीच गाडी घ्यायची होती.

मी बुलढाण्यात औषधाचं दुकान चालवतो. आयुष्यभर काउंटरच्या मागे उभं राहून लोकांची चिडचिड ऐकली, आता निदान बसायला तरी जागा बरी मिळावी, एवढीच माझी इच्छा होती. उंच पण आटोपशीर, आतून चामड्याच्या सीटा, डोक्यावर काचेचं छत, अशी परदेशी बनावटीची एखादी गाडी. जाहिरातीत तिला कॉम्पॅक्ट लक्झरी क्रॉसओव्हर म्हणतात. आत्या तिला 'अर्धवट जीप' म्हणते. नवी घेण्याची माझी ऐपत नाही, म्हणून जुनी.

या जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. प्रत्येक गाडी डॉक्टरची. प्रत्येक गाडी एकाच हाताने चालवलेली. प्रत्येक गाडी फक्त देवदर्शनाला काढलेली. अहो, या देशातले डॉक्टर दवाखान्यात जातात की नुसत्या गाड्या घेतात आणि विकतात? आणि सगळेच देवदर्शनाला जात असतील, तर बंपरवर एवढे ओरखडे कुणी काढले? देवाने?

खामगावची पहिली गाडी अर्थातच डॉक्टरची होती. डॉक्टरसाहेबांनी चहा विचारला, गाडी फार थोडी फिरल्याचं सांगितलं. मीटरवरही तसंच होतं. मी खूश. आत्या मागून उतरली आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "हे तापलेलं काऊन हाय?"

"तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली," डॉक्टर हसून म्हणाले.

"आमी येनार म्हून चहा ठेवा लागते, गाडी नाई. सकायी सकायी इंजन थंडं असताना कशी उठते, तेच तं पायाचं होतं." मग तिने ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बोटाने दाबली. चामडं पार भेगाळलं होतं. "थोडीच फिरली म्हंता, मंग इथं इतकं घासलं कोनं? बसून बसूनच?"

डॉक्टरांचा चहा आम्हाला मिळाला नाही.

दुसरी गाडी संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे होती. काय चमकत होती! आत अत्तर फवारलेलं. मी तर मनातल्या मनात तिला घरासमोर उभीही करून टाकली. आत्या मागे बसली आणि या वेळी लगेच बाहेर आली. तिने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून हुंगला. मग डिकीतलं चटईसारखं आवरण उचललं, स्टेपनी बाजूला करायला लावली आणि खालच्या खळग्यात बोट फिरवलं. बोटावर तांबूस माती.

"इनोद, इकडं पाय," ती मला म्हणाली. "ही माती आपल्याकडली हाय का?"

आमच्याकडची माती काळी. ही लाल, आणि ज्या ठिकाणी कुणाची चप्पलसुद्धा पोचत नाही अशा ठिकाणी. गाडी कोकणाकडून आलेली, पुराच्या पाण्यात उभी राहिलेली. सीटबेल्ट वर कोरडा होता, पण आत गुंडाळलेल्या भागाला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. व्यापारी म्हणाला, "मावशी, थोडा पानी तो हर गाडी में जाता है." मी त्याच्यावर इतका ओरडलो की आत्यानेच मला दंडाला धरून बाहेर काढलं.

इथवर मी आत्याचा भक्त होतो. मलकापूरला भक्ती संपली.

मुळात बुलढाण्याहून मलकापूर एकीकडे आणि धाड दुसरीकडे. म्हणजे आधी माझ्या सध्याच्या खटारा गाडीतून उलटं धाडला जायचं, आत्याला घ्यायचं, परत बुलढाण्यावरून घाट उतरून मलकापूरला. सगळा रविवार आत्याला आणण्या-पोचवण्यात. धाडला पोचलो की ती ओट्यावर तयारच असायची. काठाची साडी, हातात पिशवी, पिशवीत दशम्या आणि ठेचा. आणि गाडीत बसता बसता ठरलेलं वाक्य, "मले येळ नाई. लवकर आटपजो."

मलकापूरच्या गाडीत खोट नव्हती. रंग सगळीकडे सारखा, दारांच्या रबराखाली अपघातानंतरच्या वेल्डिंगचं नाव नाही, सर्व्हिसचे कागद ओळीने लावलेले, दुसरी चावी हजर. या गाड्यांची एकच चावी मिळाली तर दुसरी करून घेण्याचा खर्च ऐकून डोळ्यांपुढे तारे चमकतात, हे मला तोवर कळलं होतं. आत्या मागे बसून आली. मग तिला छतावरची काच दिसली.

"हे वरतं भोक कायले?"

मालकाने सांगितलं, सनरूफ आहे, हवा येते. आत्याने त्याच्या बायकोकडे तांब्याभर पाणी मागितलं. नेमाप्रमाणे प्यायला असेल असं मला वाटलं. तिने ते छतावर ओतलं. "कडेनं पन्हळ असते. कचरा अडकला का पानी आत येते. पाह्यलेलं बरं."

तपासणी अगदी बरोबर होती. फक्त काच उघडी होती, आणि मालक आत बसून खिडकीतून मला गाण्यांची यंत्रणा दाखवत होता.

मालक भिजून बाहेर आला आणि त्याने तोंड सोडलं. मी हात जोडून माफी मागत होतो आणि आत्या मात्र पिशवी उचलून आमच्या गाडीकडे निघाली होती. "ही घ्याची नाई," ती म्हणाली. "मालक तापट हाय. तापट मानसाच्या गाडीचे ब्रेक घासलेले असतात."

हे इंदूआत्या म्हणाली! जिच्या आवाजाने धाडच्या बाजारात भाव पडतात, ती!

परत येताना घाटात मी फुटलो. म्हणालो, "तुला गाडी पसंतच करायची नाही. तुला फक्त नावं ठेवायची आहेत. माझे सगळे रविवार खाल्लेस तू. आता एक गाडी राहिली, चिखलीची. ती शेवटची. त्यानंतर मी जाहिरात बघणार नाही, आणि तुला आणायलाही येणार नाही."

एरवी तिने मला गाडीतून उतरवलं असतं. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत बसली. धाडला उतरताना उरलेल्या दशम्या माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाली, "मले येळ नाई. पन चिखलीले कव्हा निंगतो ते सांग."

चिखलीची गाडी रशीदभाईंची होती. त्यांचं कापडाचं दुकान. माणूस शांत, पांढरी दाढी, आम्ही बघेपर्यंत स्वतः गाडीपासून लांब उभे राहिले. बॉनेट थंड होतं. डिकीच्या खळग्यात माती होती, पण आमचीच, काळी. आत्याने आधी काच बंद आहे ना बघितलं, मग पाणी ओतलं. आत थेंब नाही. मी गल्लीतून एक चक्कर मारली. अगदी हळू चालवताना या गाड्यांचे गिअर हिसके देतात, हिने दिले नाहीत. दुसरी चावी रशीदभाईंच्या बायकोने कपाटातून आणली, रुमालात बांधलेली.

मग आत्या मागे बसली. बाहेर आल्यावर तिने विचारलंच, "काऊन इकून राह्यले?"

"पोरानं घेतली होती ताई," रशीदभाई म्हणाले. "तो नोकरीले नाशिकले गेला. मले चालवता येत नाई. रोज सकाळी चालू करतो, थोडा येळ आत बसतो, बंद करतो. उभी राह्यली का गाडी खराब होते ना."

"तो येत नाई का?"

"येते ना. ईदले येते."

आत्याने मान हलवली. घरात जाऊन तिने पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन लगेच न उठता त्या दोघी बायका बराच वेळ काहीतरी बोलत बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. मी बाहेर अंगणात धुमसत येरझाऱ्या घालत होतो. आता काय काढते ही बाई? माती झाली, पाणी झालं, चावी झाली. आता बहुतेक रशीदभाईंच्या दाढीत खोट निघणार.

ती बाहेर आली आणि पुन्हा त्या गाडीत जाऊन मागे बसली. दार ओढून घेतलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. समोरच्या सीटकडे बघत नुसती बसून राहिली. माझा संयम सुटला. मी दार खस्सकन उघडलं.

"काय सापडलं?"

"काई नाई."

"मग उतरत का नाहीस?"

"काई सापडलं नाई म्हून!" ती माझ्या अंगावर ओरडली. "चांगली हाय गाडी. घेऊन टाक! घे अन् शेगावले दर्शनाले ने अन् फीर बायकोले घेऊन. झालं तुह्यं काम. आता कायले येशीन तू धाडले?"

रशीदभाई पाठ फिरवून उगाच गेटची कडी बघू लागले.

मला प्रचंड राग आला. तिच्यावर आला, कारण एवढी साधी गोष्ट सांगायला हिला मलकापूरच्या चांगल्या गाडीतही खोट काढावी लागली. तिच्या पुण्याच्या मुलावर आला. आणि ती दर रविवारी काठाची साडी नेसून ओट्यावर आधीच तयार का असते, हे एवढ्या दिवसांत एकदाही न विचारणाऱ्या माझ्या मठ्ठ डोक्यावर तर सगळ्यात जास्त आला. तोंडातून मात्र निघालं ते भलतंच, आणि तेही ओरडूनच.

"म्हणजे काय? जुनी गाडी आहे ही! कंपनीची हमी संपलेली. आज चांगली आहे, उद्या मागून काय आवाज येईल कोण सांगणार? मी पुढे बसून गाडी चालवू की मागचं ऐकू? दर रविवारी कुणीतरी मागे बसून तपासायला नको?"

मग तिने पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला आणि खेकसली, "दर आयतवारी? मले कामं नाईत काय? मले येळ नाई!"

"नसेल तर नको."

मी दार लावायला लागलो. तिने आतून हात घालून ते धरलं.

"कव्हा येशीन?"