प्रोफेसर स्कोगन यांचा आणखी एक ट्रॅक्टर

त्या ऑक्टोबरात गॅरेजमध्ये नेमके किती ट्रॅक्टर होते, हे प्रोफेसर नॉरिस स्कोगन यांना आज खात्रीने सांगता येत नाही. दोन म्हणावेत, तर ज्याला इंजिनच नव्हतं त्याच्यावर अन्याय होतो. तीन म्हणावेत, तर त्यांची बायको मार्लिस म्हणते, "त्याला ट्रॅक्टर म्हणायचं असेल तर आपला सोफाही मोज."

एवढं मात्र पक्कं, की त्यातला एकही चालू नव्हता. हे बागेतले बुटके ट्रॅक्टर लोक उन्हाळ्यात गवत कापायला आणि हिवाळ्यात बर्फ लोटायला वापरतात. प्रोफेसरांचे ट्रॅक्टर बारा महिने विश्रांती घेत. पहिला त्यांनी दुरुस्त करायला आणला. त्याला सुटे भाग हवेत म्हणून दुसरा आणला. दुसरा पहिल्यापेक्षा बरा निघाला, म्हणून पहिलाच सुट्या भागांसाठी राखून ठेवला. आणि जे दोघांतही नव्हतं त्यासाठी तिसरा आला. चाळीस वर्षं विद्यापीठात गॉथिक भाषा शिकवलेला माणूस! ती भाषा बोलणारं कोणी शेकडो वर्षांत कुणाला भेटलेलं नाही. मेलेलं उठवता येतं, यावर त्यांचा (कसल्याही पुराव्याशिवाय) विश्वास होता.

या सगळ्यात मार्लिसची गाडी तीन हिवाळे उघड्यावर होती. विस्कॉन्सिनच्या थंडीत रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून तिच्या उजव्या दंडात लोहाराची ताकद आली होती. तो दंड जेवणाच्या टेबलावर ठेवून तिने सांगितलं होतं, "नॉरिस, यंदा पहिला बर्फ पडेल तेव्हा माझी गाडी आत असेल. अर्धं गॅरेज तू रिकामं केलंयस ना? ते तसंच राहील." प्रोफेसरांनी शब्द दिला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कळलं, की गावाच्या नव्या रुग्णवाहिकेसाठी फायर हॉलमध्ये, म्हणजे बंबखान्यात, जो लिलाव आहे, त्यात डेल्बर्ट क्यूनने आपला जुना ट्रॅक्टर दान दिला आहे.

प्रोफेसरांनी रीतसर विचार केला. कागदावर मधोमध रेघ ओढून डावीकडे न घेण्याची नऊ कारणं लिहिली. उजवीकडे एकच: गिअरबॉक्स. (तिसऱ्याला तोच नव्हता.) निर्णय स्वच्छ होता. घ्यायचा नाही. "मी नुसता बघायला येतोय," असं त्यांनी निघताना इतक्या ठामपणे सांगितलं, की मार्लिसने चेकबुक आपल्या पर्समध्ये टाकलं.

हॉलमधले बंब बाहेर काढून आत बाकं मांडली होती. मार्लिस केक घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि प्रोफेसर कसे कोण जाणे, ट्रॅक्टरपाशी पोचले. डेल्बर्ट तिथेच उभा होता.

"काय प्रोफेसर, कितवा हा?"

"छे, छे. बघतोय फक्त."

"माझा मेहुणाही गुत्त्यात फक्त बघायलाच जातो."

इतक्यात लिलाव पुकारणाऱ्या वेंडेलने हाक दिली, "दीडशे! दीडशे डॉलर कोण म्हणतं?"

प्रोफेसरांचा हात वर गेला. (त्या हाताची ही जन्माची खोड. दुसऱ्याच्या व्याख्यानात शंका काढायलाही तो डोक्याला न विचारता वर जाई.) दोनशे दहाला हातोडा पडला.

आता आमच्याकडे एक रीत आहे. धर्मादाय लिलावात वस्तू घेणारा मोठ्या मनाचा असला, तर तो पैसे देतो आणि म्हणतो, "पुन्हा विका!" मग तीच वस्तू पुन्हा लिलावात, मदत दुप्पट, टाळ्यांचा कडकडाट. एकच केक पाचदा विकलेला गावाने पाहिला आहे. शेवटी तो ज्याला मिळाला त्याला खायची हिंमत झाली नाही. पण ते शब्द उच्चारायचे कुणी? ज्याने वस्तू घेतली त्याने. प्रोफेसर तोंड घट्ट मिटून बसले होते.

"पुन्हा विका!"

स्वयंपाकघराच्या दारात मार्लिस उभी होती, हातात केक कापायची सुरी. "माझ्या नवऱ्याला चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो. विका पुन्हा!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. प्रोफेसरांनी उभं राहून मान लववली. दुसरं करतात काय?

"दीडशे!" वेंडेल ओरडला. हात पुन्हा वर.

"अहो, आत्ताच दिलात ना तो?" डेल्बर्ट कुजबुजला.

"रुग्णवाहिकेसाठी," प्रोफेसर पुटपुटले.

दोनशे साठला हातोडा पडला आणि दारातून आवाज आला, "पुन्हा विका!" सुरी आता हवेत होती. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे टिपले.

तिसऱ्या वेळी वेंडेलने दीडशे म्हटलं, शंभर म्हटलं, पन्नास म्हटलं. हॉल गप्प. प्रोफेसरांनी आपला उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला होता. शेवटी डेल्बर्ट उठला.

"मंडळी, या माणसाने दोनदा पैसे मोजले आणि दोनदा ट्रॅक्टर गावाला परत दिला. आता तर हात धरून बसलाय बिचारा! याच्यावर बोली लावणारा निर्लज्ज आपल्यात कोणी आहे?"

नव्हता.

"एका डॉलरला, प्रोफेसरांना!" वेंडेलने हातोडा आपटला. "आणि मार्लिसबाई, आता तुम्ही काही बोलायचं नाही. चांगुलपणालाही मर्यादा असते."

मार्लिस हसली. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तसं हसू प्रोफेसरांनी दोनदाच पाहिलं होतं.

अशा थोर माणसाला श्रम नकोत, म्हणून बंबखान्याच्या सहा धडधाकट जवानांनी ट्रॅक्टर उचलून ट्रकवर चढवला, घरी आणला आणि गॅरेजच्या रिकाम्या अर्ध्यात अगदी मधोमध, जपून ठेवला. मार्लिसने प्रत्येकाला केकचा तुकडा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण, तोपर्यंत यातला एक, कुठलाही एक, स्वतःच्या ताकदीने या दारातून बाहेर पडला पाहिजे. पडला तर बाकीचेही राहू देत, मी जन्मभर बर्फ खरवडीन. नाही पडला, तर सगळे भंगारात."

प्रोफेसरांना आयुष्यात एवढा आत्मविश्वास कधी वाटला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डेल्बर्टचा ट्रॅक्टर सुट्या भागांसाठी खोलला. दोन दिवसांत त्याचे चारशे तुकडे झाले, प्रत्येकाला चिठ्ठी लावली, कॉफीच्या डब्यांत वर्णानुक्रमे लावून ठेवले. मग गिअरबॉक्स तिसऱ्याला बसवायला घेतला. चार बोटं मोठा. पहिल्याला, दोन बोटं लहान. दुसऱ्याला तो बसला, पण मग सीट बसेना. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी भंगारवाला आला आणि डब्यांसकट सगळं घेऊन गेला. त्या संध्याकाळी बर्फ पडला. मार्लिसची गाडी आत होती. मेलेलं उठत नाही, एवढं प्रोफेसर शिकले.

सात वर्षांनी न्हाव्याच्या दुकानात डेल्बर्ट भेटला. "कसा चालतोय हो माझा ट्रॅक्टर?"

"चालतोय? तो बंद होता ना!"

"बंद?" डेल्बर्टच्या तोंडाला साबण होता, तरी तो खुर्चीत उठून बसला. "अहो, लिलावाच्या सकाळी चार मैल मीच चालवत आणला. एका दमात सुरू व्हायचा. विचारलं का नाहीत?"

विचारायचं कसं? धर्माच्या गाईचे दात कोणी मोजतं का? आणि खरं सांगायचं, तर प्रश्न सुचलाच नव्हता.

पण एका साक्षीदारावर विसंबायचं नाही, हा प्रोफेसरांचा जुना नियम. ते थेट वाचनालयात गेले आणि गावच्या साप्ताहिकाचे त्या वर्षीचे अंक काढून बसले. तिसऱ्या पानावर लिलावाच्या सकाळचा फोटो सापडला. रस्त्याच्या मधोमध डेल्बर्ट टोपी हलवत ट्रॅक्टर हाकतोय, धुराडं फुरफुरतंय. मागे गाड्यांची लांबलचक रांग. रांगेतल्या पहिल्या गाडीत, एक हात भोंग्यावर आणि दुसरा खिडकीबाहेर काढून 'हो बाजूला' म्हणून डेल्बर्टवर खेकसणारे स्वतः प्रोफेसर स्कोगन होते.