राहात्यातले हृदयारोपण

एकाचे हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवणे ही मानवी बुद्धीची परमावधी मानली जाते. परदेशात हे घडल्याच्या बातम्या वाचून आम्ही थक्क झालो, त्याला पाच-सहा वर्षे होत नाहीत तोच आमच्या राहात्यातही ही शस्त्रक्रिया पार पडली. रोगी जगला. फक्त रोज सकाळी त्याला चार-पाच माणसांनी मागून ढकलावे लागे.

रोगी म्हणजे भाऊसाहेब गाडेकरांची दुधाची व्हॅन. भाऊसाहेब हे त्यांचे नाव आहे, पदवी नव्हे. आमच्या भागात साहेबपण बारशालाच उरकून घेतात. पुढे मिळेल न मिळेल, भरवसा नसतो.

गावातल्या एकुलत्या एका डॉक्टरांकडे भाऊसाहेबांनी उमेदीची सगळी वर्षे कंपाउंडरकी केली. डॉक्टर थकले आणि पुण्याला मुलाकडे राहायला गेले. दवाखान्याच्या जागेत कापडाचे दुकान आले. जाताना डॉक्टरांनी आपला जुना स्टेथोस्कोप भाऊसाहेबांच्या गळ्यात घातला. भावनेच्या भरात माणसे परिणामांचा विचार करीत नाहीत.

साठवलेल्या पैशांतून भाऊसाहेबांनी एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली आणि आसपासच्या वस्त्यांवरचे दूध गोळा करून शीतकेंद्रावर पोचवण्याचा मक्ता घेतला. धंदा बदलला, पण त्यांची बोली दवाखान्यातच राहिली. कोणी काहीही सांगायला गेले की भाऊसाहेब डोळे मिटून म्हणत, "आधी इतिहास सांगा." माझा रेडिओ खरखरतो म्हटल्यावर त्यांनी विचारले, "कधीपासनं? रात्री वाढतं का दिवसा?" गिरणीवाल्या इस्माईलभाईंचा पट्टा तुटला तेव्हा त्याआधी गिरणीत काय दळले होते याची त्यांनी कसून चौकशी केली. बाजरी, असे उत्तर आल्यावर त्यांनी "तरीच" म्हणून मान हलवली. त्यातून काय निष्पन्न झाले, ते आम्हांला कधी कळले नाही.

मग पेट्रोलचे भाव असे चढले, की दुधापेक्षा ते वाहून नेणेच महाग पडू लागले. भाऊसाहेबांनी नगरला एका उलटलेल्या टेम्पोचे डिझेल इंजिन हेरले आणि तिथल्याच एका फिटरकडून ते व्हॅनमध्ये बसवून घेतले. जुने इंजिन भंगारात गेले. गाडी धडधडत गावात शिरली तेव्हा भाऊसाहेब खाली उतरून म्हणाले, "हृदय बदललं." जमलेल्यांपैकी निम्म्यांनी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हृदय चालेना.

पौषातली थंडी होती. स्टार्टरचे बटन दाबले की इंजिन खोकल्यासारखे करी, पांढरा धूर सोडी आणि गप्प बसे. आठच्या आत दूध शीतकेंद्रावर पोचले नाही तर ते परत पाठवीत, आणि असे दोनदा झाले की मक्ता जाणार होता. त्या दिवशी आम्ही शेजारीपाजारी धावलो आणि गाडी ढकलून सुरू करून दिली. पुढे महिनाभर तो आमचा नेमच झाला. मी समोरच राहत असल्याने मला निमित्त काढून टाळता येण्यासारखे नव्हते. वामन शिंपी, इस्माईलभाई, पोस्टमन आणि ज्याच्या नशिबात असेल तो एखादा पाहुणा, असा आमचा चमू होता.

दरम्यान भाऊसाहेबांचे उपचार चालूच होते. बॉनेटवर स्टेथोस्कोप लावून ते ऐकत. रात्री इंजिनावर गोधडी पांघरत, पहाटे त्याच्या पोटाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत. बॅटरी बदलली. डिझेल मलमलच्या फडक्यातून गाळून घेऊ लागले. काही दिवस त्यांनी कोपरगावच्या एकाच पंपाचे डिझेल भरायचे असे पथ्य पाळले. इंजिन सगळे सोसत होते आणि सकाळी खोकत होते.

इस्माईलभाई स्वतः डिझेलवर गिरणी चालवत. ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "हवा धरतंय ते. टाकीकडून येणारी नळी कुठं तरी सैल हाय. रात्री डिझेल माघारी उतरतं, अन् सकाळी पंपाला नुसती हवा मिळती."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिले. "इस्माईलभाई, वायू हे लक्षण हाय. रोग न्हाई."

रोग कोणता, हे त्यांनी ठरवून टाकले होते. शरीर परके हृदय नाकारते, असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. व्हॅन जन्माने पेट्रोलची. तिला डिझेलचे हृदय मानवत नव्हते. "सवय व्हायला येळ लागतो," ते म्हणत. ढकलणे हा त्यांच्या मते उपचारच होता. रोग्याला एकटे वाटू देता कामा नये.

मारुतीच्या देवळापर्यंत ढकलले की इंजिन धरी. मग भाऊसाहेब गाडी चालू ठेवून उतरत, बॉनेट उघडून आत डोके घालत आणि "नाडी बघतो" म्हणून थोडा वेळ तिथेच राहत. त्यानंतर इंजिन अगदी सुरळीत चाले. वस्त्यांकडे निघण्याआधी ते सगळ्यांना घरी नेऊन चहा पाजत. चहा तेच करीत. पत्नी जाऊन तीन वर्षे झाली होती आणि मुलगी शेवगावला दिली होती. आधण उकळेपर्यंत एकेकाची जीभ बघणे, नाडी धरणे, पोस्टमनच्या गुडघ्याचा इतिहास ऐकणे, हे सारे रांगेने चाले. ओव्याच्या अर्काची बाटली फिरे. आम्हांला काही झालेले नसे. पण नाही म्हणायला कारणही नसे, आणि चहाला दूध निरसे असे.

त्या हिवाळ्यात एकदाही दूध परत आले नाही. इतक्या बेभरवशाच्या इंजिनाने इतका वक्तशीरपणा दाखवावा, याचे मला नवल वाटायला हवे होते. वाटले नाही. शिक्षकाला फक्त अनियमितपणाचे नवल वाटते.

एका संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास वामन शिंपी छबीला उचलून धावत आला. छबी त्याची चार वर्षांची मुलगी. दुकानात खेळता खेळता तिने कोटाचे मोठे बटन तोंडात टाकले होते आणि ते घशात अडकले होते. श्वास येत होता, पण शिट्टीसारखा आवाज करीत. वामन नुसता "भाऊसाहेब, भाऊसाहेब" म्हणत होता. दवाखाना कोपरगावला, आणि एसटी मघाशीच गेलेली.

भाऊसाहेबांनी छबीच्या ओठांकडे पाहिले. इतिहास विचारला नाही.

"बस गाडीत. तिला सरळ धर. पाठीवर मारू नको."

गाडी सकाळपासून उभी होती, गारठलेली. हाका ऐकून आलेले इस्माईलभाई, पोस्टमन आणि मी सवयीने मागे जाऊन वाकलो आणि हात टेकले.

"हात काढा," भाऊसाहेब म्हणाले. "आज न्हाई."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाना काढला. बॉनेट वर केले. आत अंधार होता, पण त्यांचा हात कुठेही न चाचपडता एका जागी गेला. मनगट एकदा फिरले. मग त्यांनी डिझेल वर ओढायचा आतला छोटा हातपंप पाच-सहा वेळा दाबला, बॉनेट आपटले आणि आत बसून बटन दाबले.

इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झाले. हात काढा म्हटलेले आमच्या अजून नीट डोक्यात शिरले नव्हते. गाडी निघून गेली आणि आम्ही तिघे रस्त्याच्या मधोमध, हवेत हात टेकून, तसेच वाकलेले राहिलो.

इस्माईलभाई सावकाश सरळ झाले. त्यांनी हात झटकले, जिथे बॉनेट होते त्या रिकाम्या जागेकडे पाहिले. एवढा महिना आपलेच बरोबर होते, हे कळल्यावर माणूस निदान हसतो तरी. ते हसले नाहीत.

"पहिल्या आठवड्यातच सापडलं असंल त्यांना," ते म्हणाले.

"असेल."

"रोज गाडी आणून लावली की सैल करत असतील. अन् सकाळी नाडी बघायच्या नावानं आवळत असतील."

 समोर भाऊसाहेबांचे दार उघडेच राहिले होते. ओट्यावर सकाळचे कप धुऊन पालथे घातलेले होते. पाच कप, आणि एक पाहुण्याचा.

"मास्तर," इस्माईलभाई थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या यायचं ना?"

बटन दवाखान्यात चिमट्याने निघाले. रात्री गाडी परतली तेव्हा छबी झोपलेली होती आणि बटन वामनच्या खिशात होते. ते त्याने पुढे कोटाला लावलेही, नाही तर बटनांचा जोड मोडला असता.

सकाळी मी बाहेर पडलो तेव्हा वामन आधीच गाडीच्या मागे उभा होता. पोस्टमन आला. इस्माईलभाई गिरणी बंद ठेवून आले. भाऊसाहेब स्टिअरिंगमागे बसले होते आणि समोरच्या काचेतून मारुतीच्या देवळाकडे पाहत होते. स्टार्टरचे बटन दाबल्याचा आवाज आला नाही.

"काय झालं?" वामनने विचारले.

भाऊसाहेबांनी स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. मग हळूच म्हणाले, "नाकारलंय."

"मग ढकलू की," वामन म्हणाला, आणि खांदा लावला.

चहाच्या वेळी भाऊसाहेबांनी छबीला समोर बसवले, तिचा घसा बॅटरी मारून तपासला आणि डोळे मिटून म्हणाले, "आधी इतिहास सांग."

"बटन गिळलं," छबी म्हणाली.

"तरीच," भाऊसाहेब म्हणाले.

व्हॅन विकेपर्यंत पुढचे दोन हिवाळे आम्ही ती ढकलली. विकत घेणाऱ्याने शंका काढू नये म्हणून भाऊसाहेबांनी व्यवहाराच्या आदल्या दिवशी उपचार पूर्ण केला. नळीचा तो नट सतरा नंबरचा होता. तो आवळायला अर्धा फेरा लागतो, आणि सैल करायलाही तेवढाच.