बाटलीतला नवा जीव

सासऱ्यांची पाण्याची बाटली आतून हिरवट झाली होती आणि ती धुवायला द्यायला ते तयार नव्हते. "पाणीच तर असतं तिच्यात," हा त्यांचा मुद्दा. "पाण्यानं पाणी काय धुवायचं?" सासूबाईंनी ब्रश हातात घेतला रे घेतला की बाटली उशीखाली जायची.

सून जंतूंच्या प्रयोगशाळेत संशोधक होती. नव्या विद्यार्थ्यांना जंतू ओळखायला शिकवायचं होतं आणि त्यासाठी एखादा मळका नमुना हवा होता. फार शोधाशोध करावी लागली नाही. सासरे आंघोळीला गेल्यावर तिनं कापसाचा बोळा बाटलीतून फिरवून घेतला.

काम तसं नेहमीचं होतं. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं बनवणारी चिमुकली यंत्रं असतात, रायबोसोम नावाची. त्यांच्या धाकट्या भागात आरएनएचा एक लांबलचक धागा असतो, चारच अक्षरांनी लिहिलेला. हा धागा स्वतःवरच दुमडतो, अक्षरांच्या जोड्या जुळवतो आणि त्याची एक ठरावीक घडी पडते. अक्षरं वाचायची, जगभरच्या जंतूंच्या अक्षरांशी ताडून पाहायची, की हा कुणाच्या घराण्यातला ते कळतं.

हा कुणाच्याच घराण्यातला निघेना.

"वाचताना घोळ झाला असेल," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "घडी घालून बघ. कचरा असेल तर जोड्या जुळणार नाहीत."

संगणकानं धागा दुमडला. जोड्या अशा चपखल बसल्या की मॅडम खुर्चीतून उठल्या. त्या सहसा उठत नसत.

"हे काहीतरी नवीन आहे. कुठून आणलंस?"

"सासऱ्यांच्या बाटलीतून."

"ती कुणी धुवायची नाही, असं घरी सांग."

"ते सांगायची गरज नाही, मॅडम."

तरी तिनं सांगितलं, आणि तिथंच चुकलं. सासऱ्यांनी घडीच्या चित्राचा कागद मागून घेतला, दिवाणखान्याच्या खिडकीला चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्यासमोर उभं करू लागले. बाटली कपाटात चांदीच्या फुलदाणीशेजारी गेली. "ही बाई मला घाणेरडा म्हणत होती," ते पाहुण्यांना सांगत. सासूबाई चहा ठेवून आत निघून जात.

मॅडमना आता तुलना हवी होती. त्याच घरातली, पण स्वच्छ बाटली. सासूबाईंनी आपली रोज घासलेली बाटली सुनेपुढे ठेवली. "बघ हवं तर. सापडायचं नाही काही."

सुनेनं तीच पद्धत वापरली आणि तोच जंतू सापडला. अक्षरापुरताही फरक नाही.

"माझा जंतू तुझ्या बाटलीत कसा?" सासऱ्यांनी विचारलं.

सासूबाई भाजी निवडत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला गार पाणी बंद केलंय डॉक्टरांनी. तुमची बाटली फ्रिजमधल्या पाण्यानं भरलेली असायची."

"म्हणजे तू रोज..."

"रोज नाही. दुपारी."

सासरे इतके खूश झाले की रागवायचं विसरले. तिकडे मॅडमही खूश होत्या. एकाच घरात दोनदा सापडला म्हणजे शंकेला जागाच नाही. त्यांनी थेट संचालकांच्या कानावर घातलं.

रविवारी संध्याकाळी सून गॅलरीत झाडांना पाणी घालत होती. खिडकीवरच्या पातळ कागदातून आतल्या दिव्याचा उजेड येत होता आणि चित्र मागून दिसत होतं. तिचा हात थांबला. हे चित्र तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर ते लावलेलं होतं, अगदी साध्या, नेहमीच्या जंतूचं म्हणून.

यंत्रानं धागा उलट्या बाजूनं वाचला होता. तो सुलटा करताना प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचं जोडीदार अक्षर घालायचं, आणि मग सगळा क्रम शेवटाकडून सुरुवातीकडे फिरवायचा. तिनं जोडीदार घातले होते. फिरवायचं राहिलं होतं, दोन्ही वेळा. शेवटाकडून वाचलं तरी जोड्या त्याच राहतात, म्हणून घडी बसली होती. फक्त आरशातली.

पाण्याची झारी तशीच ठेवून तिनं मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतो तो?"

"हो."

"मी संचालकांना सांगितलंय, याच्यासारखं जगात दुसरं काही नाही."

"उलटं वाचलं तर खरंच नाही, मॅडम."

पलीकडून हसण्यासारखा आवाज आला. "विद्यार्थ्यांना उद्या हेच शिकव. संचालकांना काय सांगायचं ते मी बघते."

सासऱ्यांना सांगणं त्याहून जड गेलं. ते ऐकत होते आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली येत होते. सासूबाईंनीही ब्रशचं नाव काढलं नाही. उलट नवऱ्यासमोर गार पाण्याचा पेला ठेवला.

"सगळ्यांच्या तोंडात?" सासऱ्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या, बाबा. माझ्या, आईंच्या, मॅडमच्यासुद्धा."

तेवढ्यात त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. नव्या जंतूचं पुढं काय झालं, त्याला ऐकायचं होतं. सासरे खुर्चीत ताठ बसले.

"आमच्या बाटलीतला ना? अरे, तो जगभर पसरलाय. तुझ्यासुद्धा तोंडात आहे म्हणे." त्यांनी पलीकडचं ऐकलं आणि उदारपणे मान हलवली. "छे छे, आपल्यात आभार कसले?"