ज्यानं लावला, त्यानंच काढायचा

सोमवारी वर्गप्रतिनिधींच्या सभेत मुख्याध्यापक पेंडुरकर सरांच्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि मंगळवारी ते अख्ख्या शाळेच्या अंगाशी आलं. वाक्य साधंच होतं. "नुसतं तोंडी सांगू नका. जे बिघडलंय त्याच्यावर खूण करा, म्हणजे मी स्वतः येऊन बघीन." मुख्याध्यापकांनी असं बोलायचं असतं, मान्य. पण ऐकणाऱ्या निम्म्या पोरांचे आईबाप मसाट-खडोलीच्या कंपन्यांत कामाला आहेत, हे आधी ध्यानात घ्यायला नको?

झालं होतं असं. वरून परिपत्रक आलं होतं की शाळेत काय सुधारणा हव्यात ते मुलांनाच विचारा, फॉर्म भरा, शुक्रवारी शिक्षण खात्याच्या अलका मॅडम तपासणीला येतील. मधुकर पेंडुरकर मूळचे मालवणकडचे, सिल्वासात सव्वीस वर्षं काढलेला सज्जन माणूस. मुलांना विचारायच्या आदल्या दिवशीच त्यांनी फॉर्म भरून ठेवला होता. मुलांची मागणी काय, तर वृक्षारोपण, रोज एक सुविचार आणि वक्तृत्व स्पर्धा. इतकी गुणी मुलं मी तरी कुठे पाहिली नाहीत.

पण विचारायचं म्हणून विचारलं, तर नववीतली चंदा उभी राहिली.

"सर, कडीचं काय झालं मग?"

"कुठली कडी?"

"मुलींच्या बाथरूमची. आतली. दीड वर्ष झालं, सर."

"हां हां, ती होय! अगं, तो अर्ज वर पाठवलाय."

"वर म्हणजे कुठे, सर?"

पेंडुरकर सरांनी नकळत वर बघितलं. वर पंखा होता, तोही बंद. मग घाईघाईनं ते खूण करण्याचं वाक्य बोलून त्यांनी सभा संपवली.

आता या कडीची गोष्ट सांगायलाच हवी. कडी तुटल्यापासून मुलींनी आपली एक रीत पाडली होती. आत जाणारीनं बाहेर दार धरायला एकीला न्यायचं. तिला म्हणायचं दारवाली. बहुतेक दारवाल्या बिनभरवशाच्या. कुणी हसायची, कुणी घंटा झाली की दार सोडून पळायची. चंदा मात्र नाही. ती पाठ लावून उभी राहिली की भूकंप झाला तरी हलणार नाही. त्यामुळे पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना चंदाच हवी. परिणामी गणिताच्या हजेरीत मंगेश सर आठवड्यातून तीनदा लिहायचे, 'चंदा गैरहजर'. आणि पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात जे मिळालं ते तिनं अजून घरी दाखवलेलं नव्हतं.

चंदाचे वडील भिका पाटील, धुळ्याकडचे, मसाटच्या एका प्लास्टिक कंपनीत मेन्टेनन्सला. कंपनीनं नाव बदललं तेव्हा जुने लाल टॅग भंगारात निघाले, ते त्यांनी पोरीला वह्यांत खुणेला घालायला आणून दिले होते. जाड पुठ्ठ्याचे, दोरीवाले. वर छापलेलं, 'खतरा! चालू मत करो', आणि खाली दोन रेघा, एक खराबीसाठी, एक नावासाठी. बिघडलेल्या मशीनवर असा टॅग लागला की ते दुरुस्त होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि नियम एकच, ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला, मालक आला, तरी नाही.

मंगळवारी सकाळी चंदानं पहिला टॅग बाथरूमच्या दाराला बांधला. 'खराबी: कडी नाही. दीड वर्ष. लावणार: चंदा.' दुसरा तिनं कुठे बांधला ते पुढे येईलच. उरलेला गठ्ठा तिनं वर्गप्रतिनिधींना वाटून टाकला आणि प्रार्थना संपेपर्यंत शाळा लालेलाल झाली. पंख्यांवर टॅग, गळक्या नळावर टॅग, अकरा बाकांवर टॅग. पृथ्वीच्या गोलाला लटकलेल्या टॅगवर नववीतल्या संजूनं लिहिलं होतं, 'फिरत नाही.' आठवीच्या लखनला काही उरलंच नाही, म्हणून त्यानं घंटेलाच टॅग बांधला. 'आवाज फुटका. लावणार: लखन.'

नववीला पहिला तास मंगेश सरांच्या गणिताचा होता. तास संपायच्या वेळी काळू शिपाई घंटेचा हातोडा घेऊन आला, टॅग बघितला आणि दोन पावलं मागे सरला. काळू शाळेत लागण्याआधी चार वर्षं खडोलीच्या कंपनीत हेल्पर होता. लाल टॅगला हात लावणाऱ्यांची काय गत होते ते त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. तो हातोडा मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

मंगेश सर घड्याळ बघणारे नव्हेत. ते घंटेवर चालायचे. घंटा नाही म्हणजे तास चालू. एक प्रमेय झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. दीड तासानं संजूची मान लटकली.

"लखन, जा ना भाई, काढ तो टॅग!" मधल्या भिंतीवरून नववीनं आठवीला विनवलं.

"कसा काढू? घंटा दुरुस्त झाली का?"

"पण आम्ही मरतोय इकडे!"

"नियम म्हणजे नियम. तुम्हीच सांगितलात ना सकाळी?"

शेवटी शेजारच्या वर्गातून दुर्गा मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "मंगेश सर, तुमचा तास संपून माझाही संपत आला." सर चिडले, तरातरा चालत घंटेपाशी गेले आणि टॅगला हात घातला. व्हरांड्यातून पन्नास पोरं एकदम ओरडली, "सर, हात!" सरांनी निखाऱ्याला लागल्यासारखा हात मागे घेतला.

"असं नका करू, सर," चंदा म्हणाली. "आमच्या आप्पांनी एकदा टॅग लावून मशीनमध्ये हात घातला होता. दुसऱ्यानं टॅग काढला आणि बटण दाबलं. आप्पांची अर्धी करंगळी गेली."

मंगेश सरांनी आपली करंगळी चाचपली आणि निमूट स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

तिकडे पेंडुरकर सर ऑफिसात शिरले, आणि खुर्चीत बसायला जातात तो हाताला दोरी लागली. चंदाचा दुसरा टॅग. 'खराबी: सांगितलेलं पुढे जात नाही. लावणार: चंदा.' सरांनी इकडेतिकडे बघितलं, टॅग पटकन उशीखाली सरकवला आणि त्यावर ठाण मांडलं. एवढ्यात फोन वाजला. अलका मॅडम. सुरंगीच्या शाळेतून निघाल्या होत्या. "शुक्रवारी मला जमत नाही, पेंडुरकर. आजच येते. अडीचपर्यंत."

"देवा म्हाराजा!" सर फोन ठेवून ओरडले. "काळू! सगळे टॅग काढ!"

"नाय साहेब. तुमी नोकरी घ्या, पन टॅग मी नाय काढनार."

"बरं, मग ज्याच्यावर टॅग आहेत ते सामान उचल. उचलायला तर बंदी नाही?"

काळूनं विचार केला. "उचलायचा चालेल. कुठे ठेवू?"

"मागं ठेव. त्या मुलींच्या बाथरूमसमोर बोळ आहे ना, तिथे. तिकडे कोण जातंय?"

"सर, आम्ही जातो," दारातून चंदा म्हणाली. पण सर तोवर दुसऱ्या फोनवर हारवाल्याशी बोलत होते.

तासाभरात अकरा बाक, पृथ्वीचा गोल, दोन कपाटं आणि एक पाण्याचं पिंप असं सगळं बोळात ठासलं गेलं. पंख्यांवरचे टॅग उंच होते, तिकडे मॅडम कशाला बघतील? नळावर बादली पालथी घातली. घंटेवर सुविचाराचा फळा टेकवला. मुलींची मात्र पंचाईत झाली. मधल्या सुट्टीत पाचवीतली धनश्री डोळ्यांत पाणी आणून चंदापाशी आली आणि चंदा तिला हाताला धरून समोरच्या चाळीतल्या तानूबाईंकडे घेऊन गेली. येताना चंदाचा चेहरा काही बरा नव्हता.

अडीचला अलका मॅडम आल्या. तपासणी कशी लोण्यात सुरी गेल्यासारखी झाली. वर्ग लख्ख, मोकळे.

"बाक कमी दिसतात," मॅडम म्हणाल्या.

"मुद्दाम, मॅडम. भारतीय बैठक. पाठीला चांगली."

"आणि मुलांनी काय सुचवलंय?"

"वृक्षारोपण," पेंडुरकर सर हसून म्हणाले. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

मॅडमनी सही करायला पेन काढलं, परत ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पेंडुरकर, जरा... बाथरूम कुठे आहे?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, आपण माझ्याबरोबर गाडीनं आलात तर सर्किट हाउस अगदी पाच मिनिटांवर..."

"सकाळपासून तीन शाळा केल्या. तिन्ही ठिकाणी मला सर्किट हाउसच सांगितलं. आता माझ्याच्यानं होणार नाही."

"मॅडम, दोन मिनिटं द्या," चंदा उठून म्हणाली. "चला गं!"

सगळ्या मुली धावल्या. बोळातून बाक बाहेर यायला लागले, हातोहात, एकामागून एक. वरातीत निघाल्यासारखे ते लाल टॅग डोलवत मॅडमच्या समोरून गेले. 'पाय हलतो.' 'खिळा लागतो.' 'तिसरा बसला की पहिला पडतो.' पाठोपाठ पृथ्वी गेली. 'फिरत नाही.' मॅडम एकेक टॅग वाचत होत्या, आणि पेंडुरकर सर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे असं बघत होते की जणू आयुष्यात प्रथमच बघताहेत.

शेवटी दाराशी पोचल्यावर मॅडमनी तिथला टॅग वाचला.

"तुम्ही जा, मॅडम," चंदा दाराला पाठ लावून म्हणाली. "मी आहे. घंटा झाली तरी सोडत नाही. तशी आज घंटा होणारच नाही म्हणा."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "चंदा ना तू? आणि तू आत जातेस तेव्हा दार कोण धरतं?"

"मी नाही जात, मॅडम. दुसऱ्या मुलींचा भरवसा नाही ना. मी सकाळपासून पाणीच नाही पीत. घरी गेल्यावर पिते."

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, पुस्तक घरी राहिलं असं सांगावं तसं सांगितलं. पेंडुरकर सर चार पावलांवर उभे होते. सव्वीस वर्षांत त्यांनी पुष्कळ बोलणी खाल्ली होती. पण आजच्यासारखी मान कधी खाली गेली नव्हती. दीड वर्ष एका पोरीनं त्यांच्या शाळेत पाणी प्यायलं नव्हतं, आणि ते अर्ज वर पाठवून मोकळे झाले होते!

"मी इथेच बसते," मॅडम म्हणाल्या. "कडी लागेपर्यंत."

"मॅडम, टॅग!" संजू ओरडला आणि त्या पाय हलणाऱ्या बाकावर टेकता टेकता उठल्या.

पेंडुरकर सर स्कूटर काढून गेले. ना मंजुरी, ना अर्ज. वीस मिनिटांत हातभर कडी घेऊन आले, गोदामाला लावतात तसली. काळूनं स्क्रू धरले, सरांनी स्वतः पिळले. शेवटच्या स्क्रूला पेचकस घसरून अंगठ्यात बसला, तेव्हा अस्सल मालवणीत एक शब्द बाहेर पडला. तो मॅडमना कळला नाही हे नशीब.

"झालं. चंदा, काढ टॅग."

"आधी चालवून बघायचं असतं, सर," चंदा म्हणाली. ती आत गेली. दार लागलं. कडी खट्कन बसली. बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक मिनिट झालं. दोन झाली. पाच झाली. चंदा बाहेर येईना.

"अडकली!" मंगेश सर म्हणाले. "एवढी मोठी कडी कशाला आणायची?"

"चंदा! अगं, उलटी फिरव!" पेंडुरकर सरांना घाम फुटला. "काळू, पहार आण! बाजूला व्हा रे!"

"नाही अडकली, सर," आतून शांत आवाज आला. "कडी एकदम बराबर आहे. बाहेर कोणी दार धरून उभं नाही, तर जरा निवांत उभी राहिलेय. येते थोड्या वेळानं."

पहार काळूच्या हातातच राहिली. दुर्गा मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. पेंडुरकर सर सगळ्यांना हलक्या आवाजात म्हणाले, "चला, चला, इथे गर्दी नको," आणि बोळ रिकामा केला.

बाहेर आल्यावर चंदानं टॅग सोडला. मग नळावरची बादली बाजूला केली, ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायली. गळका असला तरी नळ तिथे होता आणि तिची तहान दीड वर्षाची होती.

अलका मॅडमनी फॉर्मवरचं वृक्षारोपण खोडून स्वतःच्या हातानं 'कडी' लिहिलं आणि गेल्या. त्या गेल्यावर पेंडुरकर सरांनी चंदाला ऑफिसात बोलावलं, उशी उचलली आणि चुरगळलेला टॅग दाखवला.

"हाही काढून टाक आता. पुढे गेलं ना सांगितलेलं?"

चंदानं खुर्चीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "ह्याला ट्रायल लागते, सर. मोठ्या कामाला आठ दिवस. आणि टॅग असलेल्या खुर्चीवर बसायचं नसतं. तुम्ही आज दिवसभर बसलात."

"मग आठ दिवस मी काय करू?"

"फिरा ना, सर."

नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवसापासून पेंडुरकर सर फिरू लागले. बसायला जागा नाही म्हणून पाचवीत डोकावले, तर पोरांनी पंखा दाखवला. आठवीत गेले, तर लखननं घंटा दाखवली. सव्वीस वर्षांत जेवढं चालले नव्हते तेवढं आठ दिवसांत चालले. नवव्या दिवशी गणिताचा तास संपल्यावर चंदा टॅग काढायला ऑफिसात गेली. खुर्ची रिकामी. शोधत शोधत मागे गेली, तर सर बाह्या सरसावून नळापाशी उकिडवे बसलेले, एका हातात पाना, दुसऱ्या हातात वायसर.

"सर, आठ दिवस झाले. टॅग काढू का?"

"राहू दे गं अजून थोडे दिवस," सर मान वर न करता म्हणाले. "बसलो की मला ऐकू कमी येतं."