वेड पांघरून जपानला

मोहितेकाका जपानला कधीही गेलेले नाहीत. पण जपानच्या खेड्यापाड्यांतून गाईडबरोबर सायकलवर फिरायला निघालात तर तुमचं काय काय होईल, हे विचारायला जर्मनीतल्या आमच्या अख्ख्या नेकारसुल्म गावात त्यांच्याइतका जाणकार माणूस नाही. विचारलं नाहीत तरी ते सांगतात.

गेल्या गणपतीत मसालेभाताच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाला त्यांनी विचारलं, बोगद्यात शिरण्याआधी काय करायचं? तो नुकताच पुण्याहून बदलून आलेला. त्याला वाटलं, जर्मन लायसन्सच्या परीक्षेतला प्रश्न असावा. तो चाचरत म्हणाला, दिवा लावायचा. "गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले, आणि त्याचा भात पार गार होईपर्यंत त्यांनी त्याला तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम ऐकवला. बेचाळीस किलोमीटर, दोन बोगदे, एक देऊळ, आणि जेवायला पानात गुंडाळलेला भाताचा गोळा.

त्यांच्याकडे एका टूर कंपनीचं चौदा पानी पत्रक होतं. सहलीत काय अपेक्षा ठेवावी, याची सगळी माहिती त्यात होती आणि काकांना ती तोंडपाठ होती. गाईडच्या पुढे सायकल काढायची नाही. भाताच्या खाचरांमधला रस्ता अरुंद, तिथे एकामागोमाग एक जायचं. मुक्कामाला जेवण सहा वाजता म्हणजे सहालाच. गरम पाण्याच्या कुंडात उतरायच्या आधी बाहेर बसून अंग घासायचं. बूट दारात, घरातल्या सपाता वेगळ्या, संडासाच्या वेगळ्या. "आल्झो, म्हणजे आमच्या इचलकरंजीसारखंच," असं ते इथे न चुकता म्हणायचे. शेतातली म्हातारी वाकून नमस्कार करेल तेव्हा आपणही वाकायचं, पण आधी सायकल थांबवून. "आधी थांबायचं, मग वाकायचं. उलटं केलं की खाचरात."

थांबणं हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. गाड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं ते ब्रेक विभागात आहेत. निघणं कुणालाही येतं, असं ते तुच्छतेने म्हणतात.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हे जपान रोज जिन्यात भेटायचं. दोन वर्षांपूर्वी काकांचं वजन शहाण्णव किलो होतं. सायकल घेतली तेव्हा नेकार नदीच्या काठाने ते इतके हळू जायचे की बदकंसुद्धा बाजूला व्हायची तसदी घेत नसत. मग भात सुटला. साखर सुटली. काकूंच्या हातच्या पुरणपोळीला हात जोडून नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. सकाळ-संध्याकाळ ते दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजायचे आणि आकडे तक्त्यात भरायचे. कशाला, विचारलं तर म्हणायचे, शिकोकू बेटावरचे घाट काय चेष्टा आहे?

स्पष्टच सांगते, मला त्यांचा राग यायचा. कारण वरच्या मजल्यावर मोहितेकाकू होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना शेजारच्या हाइलब्रॉनला डायलिसिसला न्यायला टॅक्सी येते. पाच तासांनी त्या परत येतात तेव्हा जिन्याच्या प्रत्येक वळणावर उभ्या राहतात. दिवसाचं पाणी मोजून प्यायचं, चहा अर्धा कप, केळं नाही, नारळ नाही. दुसऱ्याची किडनी मिळायच्या यादीत नाव आहे, पण इथे यादी म्हणजे वर्षानुवर्षांची गोष्ट. आणि नंबर लागायचा तर कुणाच्या तरी घरात कुणीतरी मरायला हवं. काकू म्हणायच्या, देवाकडे हे मागायचं तरी कुठल्या तोंडाने?

अशा बाईचा नवरा पिवळं हेल्मेट घालून जपानची स्वप्नं बघतो! मी एकदा जिन्यात टोचून बोललेसुद्धा, की काका, तुम्ही जपानला गेलात तर काकूंकडे कोण बघणार? ते नुसते हसले. म्हणाले, "बघू, बघू. अजून सहा किलो राहिलेत."

सहा किलोंचा जपानशी संबंध काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग मार्चमध्ये एका दुपारी ते माझ्या दारात आले. क्लिनिकमध्ये दुभाषी म्हणून येशील का, म्हणाले. काकांचं जर्मन म्हणजे ब्रेकचं जर्मन. ब्रेक-पॅडची जाडी ते जर्मनमध्ये अस्खलित सांगतील, पण पोटात दुखतंय म्हणायला त्यांना काकू लागतात. आणि या वेळी काकू नको होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

काकूंच्या किडन्या गेल्या तेव्हा काकांनी एकदाच विषय काढला होता, माझी एक घे म्हणून. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "तुमचं काही कापून मला नको. दोघं अंथरुणाला खिळलो तर चहा कुणी करायचा? पुन्हा हा विषय काढलात तर माझी शपथ आहे."

आता शपथ मोडली तर ती जिची घातली तिच्याच जिवावर येते, असं आपल्याकडे मानतात. काका इंजिनिअर, यावर विश्वास नाही असं म्हणतात. पण जिच्या जिवासाठी मोडायची तिच्याच जिवावर परीक्षा कोण घेणार? तेव्हा त्यांनी कारखान्यातली नियमावली वाचावी तशी ती शपथ वाचली. विषय काढायचा नाही, एवढंच त्यात होतं. वजन कमी करायचं नाही, असं कुठे म्हटलं होतं? क्लिनिकने त्यांना सांगितलं होतं, अठरा किलो उतरवा, ब्लडप्रेशर ताब्यात आणा, मगच पुढच्या तपासण्या. पण पन्नाशीतला खवय्या एकाएकी भात सोडतो म्हटल्यावर काकूंना संशय आला असता. म्हणून काकांनी वेड पांघरलं आणि जपान काढलं.

मी गाडी चालवत होते म्हणून बरं, त्यांच्याकडे बघावं लागलं नाही. दोन वर्षं या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं!

"पण सगळं जमल्यावर तरी काकूंना सांगावं लागेलच ना?" मी विचारलं.

"तेव्हा डॉक्टर विषय काढतील," काका म्हणाले. "मी नाही."

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, हे तुम्ही फ्रायविलिग करताय का? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, स्वखुशीने का, असं विचारतायत. काकांनी बराच विचार केला. "खुशी कसली, वैशाली," ते म्हणाले. "पण हो." मी नुसतं "या", म्हणजे हो, एवढंच भाषांतर केलं.

रक्त झालं, लघवी झाली, फोटो झाले. तीन आठवड्यांनी आम्ही निकालाला गेलो. वजन एकोणऐंशी. डॉक्टरीणबाईंनी त्याबद्दल मनापासून कौतुक केलं आणि मग कागद उलटला. ब्लडप्रेशर आता ताब्यात होतं, पण त्याआधी कित्येक वर्षं ते कुणाच्या लक्षात न येता चढलेलं राहिलं होतं आणि त्याने किडन्यांचं नुकसान करून ठेवलं होतं. लघवीतून प्रथिनं जात होती. नीट जपलं तर काकांना त्या पुरतील, पण त्यातली एक देता येणार नाही. हे सगळं मला एकेक वाक्य करून त्यांना मराठीत सांगावं लागलं. आयुष्यात इतकं वाईट काम मी केलेलं नाही.

काका म्हणाले, "विचार त्यांना, दोन आहेत तर एक तरी बरी असेल."

मी विचारलं. बाईंनी मान हलवली.

येताना हायवेवरच्या एका कॅफेपाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. आत जाऊन चेरीच्या केकचा मोठा तुकडा आणला, दोन घास खाल्ले आणि उरलेला कचऱ्याच्या डब्यात टाकला. म्हणाले, "एकदम वजन वाढलं तर हिला कळेल." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पिवळं हेल्मेट घालून नदीकडे निघाले.

मार्चपासून क्लिनिकची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, मोहिते, केअर ऑफ मी, अशी. आमचा पोस्टमन फार कर्तव्यदक्ष. त्याने आडनाव वाचलं आणि शेवटचं पत्र प्रामाणिकपणे मोहित्यांच्या पेटीत टाकलं. शनिवारी काका सायकलवर असताना काकू ते घेऊन खाली आल्या. पाकीट फोडलेलं होतं.

"सतरा किलो," त्या म्हणाल्या. "आणि मी म्हणत होते, जपानचं खूळ."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. मी म्हटलं, काकू, आता तरी बोला त्यांच्याशी.

"कसं बोलू? विषय मीच बंद केलाय. आणि मला कळलंय हे त्यांना कळलं, तर त्यांच्याकडे काय राहिलं गं?"

त्यांनी माझ्याकडून डिंक मागितला, पाकीट पहिल्यासारखं चिकटवलं आणि माझ्याच हातात दिलं, तुझ्या पेटीत आलं म्हणून त्यांना दे. त्याप्रमाणे मी दिलं. काकांनी न फोडताच खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी काकूंनी मला चहाला वर बोलावलं. काका आंघोळ करून बसले होते. दोन वर्षांत काकूंनी जपानबद्दल एक अक्षर विचारलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःला अर्धा कप ओतला आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या पाचव्या दिवशी चढ फार आहे का हो?"

काकांनी कप खाली ठेवला. एक दिवसाआड जिला मशीनला जोडावं लागतं ती दहा दिवसांच्या सहलीला कशी जाणार, हे त्या टेबलाशी बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"चढ आहे," काका सावकाश म्हणाले. "पण मागनं सामानाची गाडी असते. ज्यांना सायकल जमत नाही ते गाडीतनं येतात."

"मग मी गाडीत बसेन."

"पुढं बस," काका म्हणाले. "ड्रायव्हरशेजारी. मागं तुला मळमळतं."

काकू बरं म्हणाल्या, आणि सहाव्या दिवशी काय असतं ते विचारू लागल्या.