पाळणाघरच्या मावशीसाहेबांची रसायनावर तिसरी स्वारी

वाचणारांस बखरकाराचा मुजरा. पुढील हकीकत काही डोळां पाहिली, काही खात्रीच्या तोंडून ऐकिली. मजकुरात पदरचे एक अक्षर आढळल्यास बखरकारास त्याच पाळणाघरात अर्धा दिवस एकटे कोंडावे. याहून कठोर शिक्षा आम्हांस ठाऊक नाही.

तळमजल्यावर दोन खोल्यांचा मुलूख, चौदा बालके, चौदा गाद्या, आणि या दौलतीच्या खाशा धनी मावशीसाहेब, उमर पंचेचाळीस. वीस वर्षे अंमल निर्वेध चालिला. मग सरकारी कचेरीतून खलिता आला की, पाळणाघर चालविणार त्याने बारावी पास असावे, वर्षअखेर दाखला न दिसल्यास दारास कुलूप पडेल. मावशीसाहेबांनी कंबर कसली, आणि भाषा जिंकिली, आणि गणित शरण आणिले, आणि जीवशास्त्राने आपण होऊन किल्ल्या दिल्या. मग रसायनाच्या तोंडी परीक्षेत दोन वेळा शिकस्त खाऊन माघारी आल्या. तिसरी स्वारी अखेरची. हरल्यास चौदा बालके चौदा दिशांस जाणार, या घोराने त्यांस अन्न गोड लागेना.

गनिमाचे नाव एन्ट्रॉपी. ती म्हणजे पसारा, कण किती मोकाट आहेत त्याचे माप. घनाचे कण जागा सोडीत नाहीत, द्रवाचे रेंगाळतात, आणि वायूचे कण म्हणजे दावे तुटलेली वासरे. तस्मात अभिक्रियेत वायूचे रेणू वाढले तर बहुधा पसारा वाढला, घटले तर घटला, इतकी सोपी मसलत.

कुमकेस सख्खी भाची आली, जी कॉलेजात रसायन शिकवीत असे. परंतु मावशीसाहेबांची वीस वर्षांची खोड अशी की, एक डोके मोजावयाचे राहू द्यायचे नाही. भाचीने कोळशावरून कार्बन डायऑक्साइड नेऊन कार्बन मोनॉक्साइड करण्याची अभिक्रिया मांडिली, आणि मावशीसाहेबांनी बोटांवर मोजून जाहीर केले की, कोळसा एक, वायू एक, मिळून दोन, पलीकडे मोनॉक्साइड दोन, सबब बरोबरी.

“अगं मावशी, कोळसा कशाला मोजतेस? तो घन आहे ना!”

“समोर धडधडीत दिसतोय, त्याला वगळू? बिचाऱ्याने काय घोडं मारलंय?”

याच जागी पूर्वी दोन वेळा पाडाव जाहला होता. भाचीने कपाळास हात लाविला.

आता दाराशी एक पाटी टांगलेली असे, आणि दुपारी जागे किती तो आकडा मावशीसाहेब तीवर खडूने लिहीत, म्हणजे नजर किती जणांवर ठेवावी ते कळावे. त्या दुपारी तेरा सरदार निद्रिस्त, पाटीवर एक. तो एक म्हणजे भोंगा, वय अडीच, आवाज आगबोटीचा. बखरकारास तो दोनदा चावला आहे, तरी पक्षपात न करिता लिहितो. भोंगा रांगत गोगलगाय नामे निजलेल्या कन्येपाशी गेला, आणि पांघरूण ओढिले, आणि कानात फुंकर घातली; मग ती उठली, आणि दोघांनी ठोकळ्यांची टोपली उपडी करून पावडरीचा डबा सर केला. मावशीसाहेबांनी सवयीने एक पुसून दोन लिहिले, आणि खडू हवेतच राहिला.

“अगं, निजलेली मी पाटीवर कधी घेतच नाही! कोळसा निजलाय!”

“आणि कार्बन डायऑक्साइड?”

“हा भोंगा! एक जागा होता, त्याने निजलेलीला उठवलं. एकाचे दोन! पसारा वाढला!”

मावशी-भाची गळ्यात गळा घालून नाचल्या, मात्र ओठ मिटून, कारण बारा अद्याप निजले होते.

परीक्षेचे दिवशी परीक्षकसाहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते. प्रथम त्यांनी अमोनिया सोडिला. एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन, त्यांचे दोन अमोनिया. सारेच वायू, सारेच जागे. मावशीसाहेबांनी चाराचे दोन, पसारा घटला, म्हणून तो परतविला. मग साहेबांनी तीच जुनी तोफ डागिली, कोळशाची. मावशीसाहेब खुर्चीत पुढे सरसावल्या.

“सर, कोळसा निजलाय. त्याला पाटीवर घ्यायचा नाही.”

साहेबांनी पाटीचा खुलासा मागितला. मग मावशीसाहेबांनी भोंगा, फुंकर, पावडर, सर्व वृत्तांत उभे राहून, हातवारे करून निवेदिला. चष्मा कपाळावरून नाकावर उतरला. जागे किती, असा हुकूम जाहला.

“एकाचे दोन, सर. एन्ट्रॉपी वाढली.”

साहेब इतके हसले की शिपाई पाणी घेऊन धावला. पुढे दिवसभर ते प्रत्येक उमेदवारास जागे किती असेच पुसत होते, आणि पोरे घाबरून आपली झोप उडाल्याचे सांगत होती.

दाखला आला. मावशीसाहेबांनी चौकट करविली, आणि संध्याकाळपर्यंत धीर धरण्याऐवजी भरदुपारी, पाटीवर शून्य असता, स्वहस्ते खिळा ठोकिला. पहिल्या घावास भोंगा उठला. बाकीच्या तेरांस उठविण्याचे त्याने पाहिले. भाची कानांवर हात ठेवून धावत आली.

“मावशी, आत्ता कशाला ठोकलंस गं?”

“राहवलंच नाही.”

चौदा कंठांचा एकच कल्लोळ उठला. याच कल्लोळास आपण मुकणार होतो, हे मनात येऊन मावशीसाहेब हसता हसता रडल्या, आणि तशाच पाटीपाशी जाऊन शून्य पुसून चौदा लिहित्या जाहल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दाखला किंचित वाकडा लागला आहे. कुलूप लागले नाही.