सत्यभामाबाईंचं कुंकू आणि लाल चॅनेल

"रंगीत फोटो काय, कोणीही काढतं," असं मल्लिकार्जुन गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. कडा गावच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि इंटरनेटवरच्या आठ दिवसांच्या वर्गानं त्याला कलावंत करून सोडलं होतं; तसं त्यानं दुकानाच्या पाटीवरही लिहून घेतलं होतं. उरलेलं गाव त्याच्या लेखी पासपोर्ट फोटोपुरतंच होतं.

अशा माणसाकडे मेंढरं राखणारे आश्रुबा आणि त्यांची बायको सत्यभामाबाई नव्या घरासाठी जोडीचा फोटो काढायला आले. आश्रुबांचा फेटा लालभडक, बाईंचं कुंकू रुपयाएवढं.

"मालक, रंग लई भारी दिसले पायजेत," आश्रुबा म्हणाले.

मल्लिकार्जुन मनातल्या मनात हसला. ते गेल्यावर त्यानं संगणकावर फोटो कृष्णधवल केला आणि लाल चॅनेल, म्हणजे लाल रंग कमीजास्त करायची पट्टी, शेवटपर्यंत ओढला. रापलेले चेहरे दुधासारखे उजळले. लाल होतं ते सगळंच उजळलं, त्यामुळे बाईंचं कुंकूही कपाळात विरघळून गेलं. कलावंताच्या ते ध्यानातच आलं नाही. त्यानं बाईंचा एकटीचा चेहरा कापून मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'एकाकीपण'.

तलवाड्याला बाईंची बहीण गंगासागर राहायची. तिच्या पोरीच्या लग्नाचे फोटो मल्लिकार्जुननंच काढले होते, म्हणून स्टेटस तिथंही दिसलं. बहिणीचं रिकामं कपाळ बघून ती मिळेल त्या गाडीनं निघाली आणि बहिणीच्या दारातूनच तिनं हंबरडा फोडला. ओसरीवर आश्रुबा चहा पीत होते. मेहुणी एवढी रडतेय म्हटल्यावर तेही रडू लागले. कोण गेलं, हे विचारायचं राहूनच गेलं. शेवटी गंगासागरनं डोळे पुसले, समोर आश्रुबांना पाहिलं आणि ती किंचाळली.

तासाभरात नवराबायको स्टुडिओत हजर.

"धनी जित्ता हाय माझा, अन् तू माझं कुंकू पुसलंस व्हय रे?"

"मामी, पुसलं नाही. लाल चॅनेल वाढवला की..."

"चॅनेल टीव्हीवर असतंय! मला शिकवू नको."

मल्लिकार्जुनला या अडाणीपणाची कीव आली. त्यानं रागारागानं लाल शून्यावर आणला आणि निळा शेवटपर्यंत ओढला. कुंकू उगवलं, काळंकुट्ट. चेहरेही कोळशासारखे झाले आणि सुरकुती न् सुरकुती वर आली.

"घ्या! बघा आता किती घाण दिसतंय."

आश्रुबा पडद्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"हे तर आमचे बा! फोटो न काढताच गेलते. हुबेहूब हायेत, मालक! हाच मोठा करून द्या, हार घालायचाय."

"मग तुमच्या बाच्या शेजारी मी काहून बसलीय?" बाई कडाडल्या. "मला काढा तिथून. अन् आमचा दोघांचा रंगीत द्या."

मल्लिकार्जुननं दोन्ही काढून दिले.

चार दिवसांनी दुकान उघडायला आला, तर पायरीवर तीन म्हातारे बसलेले. तिघांचेही बाप फोटोवाचून गेलेले.

"आश्रुबाच्या बासारखं काळं करून द्या," पहिला म्हणाला, "पन आमच्या बाला मिशा होत्या. मला न्हाईत. तुमच्या चॅनेलातून निघतील का?"

मल्लिकार्जुननं एकदा आपल्या पाटीकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याच्या गुळगुळीत ओठाकडे.

"निघतील," तो म्हणाला, "बसा स्टुलावर."